समुद्रफूल : रंग पाहून घेण्याचा माल नव्हे

खानदेशात काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा शौक काही नवा नाही. जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत फिश टँकची दुकाने आहेत आणि गोल्डफिश, गप्पी, एंजल हे गोड्या पाण्यातील मासे मध्यमवर्गीय घरांत केव्हाच स्थिरावले आहेत. या धंद्यावर आपल्या अनेक बांधवांचे पोट आहे. कोणी काच कापून सिलिकॉनने टाक्या जोडतो, कोणी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून देतो, कोणी हवेचे पंप दुरुस्त करतो. अलीकडे त्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीची भर पडली आहे. २००३ साली 'फाइंडिंग नेमो' हा कार्टून चित्रपट आला आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा लहान मुलांच्याही ओळखीचा झाला. गिऱ्हाईक दुकानात येते आणि म्हणते, नेमो पाहिजे आणि त्याचे घरही पाहिजे. हे घर म्हणजे समुद्रफूल. दुकानात त्याला अ‍ॅनिमोन म्हणतात. हे घर विकताना काय सांगावे आणि केव्हा विकूच नये, याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

मी कापडाचा व्यापारी. समुद्री जीवांचा पंडित नव्हे. परंतु रंग आणि ब्लीच या दोन गोष्टींशी माझा उभा जन्म गेला आहे, आणि समुद्रफुलाच्या व्यापारातील मोठी खोट नेमकी या दोन गोष्टींतच दडलेली आहे.

प्रथम हा माल काय आहे ते समजून घेऊ. नावात फूल असले तरी हे झाड नव्हे, जनावर आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या बिरादरीतले. खाली एक चिकट पाय, त्याने ते खडकाला धरून बसते. मध्ये मांसल खोड. वर भुजांचा झुबका आणि झुबक्याच्या मध्यभागी तोंड. तोंड एकच, त्यातूनच खायचे आणि त्यातूनच घाण बाहेर टाकायची. भुजांमध्ये डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात, त्यांनी ते भक्ष्य पकडते. क्लाउन माशाच्या अंगावरील चिकट थरामुळे त्याला हा डंख बाधत नाही, म्हणून तो त्यात बिनघोर राहतो. माणसाच्या हातावर मात्र पुरळ उठू शकते, तेव्हा हाताळताना रबरी हातमोजे घालावेत.

ज्या जातींत क्लाउन मासे राहतात, त्यांच्या शरीरात अतिशय बारीक शेवाळ वस्ती करून असते. उजेड मिळाला की हे शेवाळ अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या घरमालकाला देते. समुद्रफुलाचा तपकिरी किंवा हिरवट रंग बराचसा या शेवाळामुळे असतो. पाणी तापले, उजेड कमी पडला, प्रवासात हाल झाले, पाण्याची खारटाई एकदम बदलली, की हे शेवाळ शरीरातून निघून जाते. मग समुद्रफूल पांढरे दिसू लागते. याला इंग्रजीतही ब्लीचिंगच म्हणतात.

येथे कापडवाल्याची नजर फसते. आमच्याकडे कोरे कापड ब्लीच होऊन शुभ्र झाले की मालाची किंमत वाढते. समुद्रफुलात उलट आहे. पांढरे शुभ्र समुद्रफूल म्हणजे उपाशी समुद्रफूल. त्याच्या घरातला स्वयंपाकी निघून गेला आहे. आणि काउंटरवर मात्र तेच सर्वात सुंदर दिसते. गिऱ्हाईक त्याच्यावरच बोट ठेवते.

यापेक्षा वाईट प्रकार पुढे आहे. असे पांढरे पडलेले समुद्रफूल रंगाच्या पाण्यात बुडवून काढतात. पिवळेधमक, गुलाबी, निळे, जांभळे, पाहिजे तो रंग. जगभरच्या बाजारांत ही चाल बरीच वर्षे चालत आली आहे. हा रंग कच्चा असतो. टाकीत हळूहळू उतरतो आणि खाली तेच पांढरे, उपाशी शरीर राहते. आम्ही कापडात रंग जाणारे थान विकले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ओले कापड घेऊन दुकानात उभे राहते. समुद्रफुलाच्या गिऱ्हाइकाला हे कळतही नाही. त्याला वाटते, आपल्याच हातून काही चुकले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक रंगीत समुद्रफूल रंगवलेले नसते. भुजांची टोके जांभळी असणे, अंग हिरवे किंवा तांबूस असणे हे निसर्गातही आढळते. ओळखण्याची खूण अशी की नैसर्गिक रंगात छटा असतात. टोक वेगळे, बूड वेगळे, मध्ये तपकिरी झाक. रंगवलेला माल पायापासून टोकापर्यंत एकसारखा, शाईत बुडवल्यासारखा दिसतो. विशेषतः एकसारख्या भडक पिवळ्या रंगाविषयी शंका घ्यावी. शिवाय तोंड पाहावे. निरोगी समुद्रफुलाचे तोंड घट्ट मिटलेले असते. ते सैल, उघडे, आतले बाहेर आलेले दिसले तर माल घेऊ नये. पाय फाटलेला नसावा आणि तो काचेला किंवा दगडाला धरून असावा. भुजा बोटाला चिकटाव्यात.

भुसावळातील एक घर माझ्या पाहण्यात आहे. घरमालकाने मुलांसाठी हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी बसविली, आणि दीड महिन्याच्या आतच एका मोठ्या शहरातील दुकानातून पिवळे समुद्रफूल आणि दोन क्लाउन मासे आणले. दुकानदाराने सांगितले की यास काही लागत नाही, कोळंबीचा तुकडा टाकत जा. पंधरा दिवसांत पिवळा रंग फिका पडला, समुद्रफूल आकसत गेले, मग जागा सोडून टाकीत फिरू लागले. एका सकाळी ते पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊन चिंधड्या झालेले सापडले. मेलेले समुद्रफूल पाण्यात फार लवकर सडते. संध्याकाळपर्यंत पाणी दुधासारखे झाले आणि दुसऱ्या दिवशी मासेही गेले. आज त्या टाकीत मुलांची खेळणी ठेवलेली आहेत. दुकानदाराला एका दिवसाची विक्री झाली. खानदेशातील आपल्या धंद्याचे मात्र एक गिऱ्हाईक कायमचे उठले. त्या गृहस्थाने नंतर चार जणांना सांगितले असेल की हा शौक आपल्याकडच्या लोकांचा नाही.

तो शौक खरोखरच आपल्याकडचा नाही काय? माझे मत असे आहे की खाऱ्या पाण्याची टाकी खानदेशात चालू शकते, समुद्रफूल मात्र फार थोड्या घरांत चालेल. याची कारणे हवा, पाणी आणि वीज.

पाण्याचे पाहू. आमचे बोदवड मुंबईच्या समुद्रापासून रेल्वेने साडेचारशे किलोमीटरहून अधिक दूर. समुद्राचे पाणी आणणे शक्य नाही, ते घरीच बनवावे लागते. त्यासाठी तयार समुद्री मीठ मिळते, लिटरमागे साधारण ३५ ते ४० ग्रॅम. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे अनेक क्षार ठराविक प्रमाणात असतात. शेजारच्या बुलढाणा, अकोल्याकडे पूर्णाकाठी खारपाण पट्टा आहे, तेथील विहिरींचे पाणी आयतेच खारे, मग तेच का वापरू नये, असा प्रश्न मला एका कारागिराने केला होता. प्रश्न हुशारीचा आहे, पण ते क्षार वेगळे आणि त्यांचे प्रमाणही वेगळे. ज्या पाण्याने कपाशी सुकते त्या पाण्याने समुद्रफूल जगेल असे नाही. मीठ विरघळवण्याचे पाणीही शुद्ध लागते, म्हणजे आरओ मशीनचे. बोअरच्या पाण्यातील जडपणा आणि शेतातील खतांचा उतरलेला अंश टाकीत जाता कामा नये. आता जेथे नळाला पाणी कधी येईल याची शाश्वती नाही, तेथे आरओ मशीन जितके पाणी देते त्याहून अधिक मोरीत सोडते, हाही विचार गिऱ्हाइकापुढे ठेवला पाहिजे. ते वाया जाणारे पाणी भांडी, फरशी, संडास यांसाठी साठवता येते. अशी सोय करून देणारा प्लंबर दोन पैसे जास्त मिळवील.

उन्हाळ्याचे तर विचारूच नका. समुद्रफुलाला २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांवर जाते. पाणी थंड करणारे चिलर यंत्र मिळते, पण ते महाग आणि विजेला भारी. येथे मात्र खानदेशाची कोरडी हवा आपल्या उपयोगी पडते. टाकीच्या पाण्यावर छोटा पंखा सोडला की पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते, जसे आपल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्यात होते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो, आपल्याकडे मे महिन्यात तो चांगला चालतो. पाऊस सुरू झाला की कूलर जसा निकामी होतो तसाच हा पंखाही होतो, हे मात्र लक्षात ठेवावे. जून-जुलैच्या उकाड्यात खरी परीक्षा होते.

परंतु पाणी उडते तेव्हा मीठ उडत नाही. हिशेब करून पाहा. २०० लिटरच्या टाकीतून चार दिवसांत २० लिटर पाणी उडाले आणि भरले नाही, तर ३५ ची खारटाई जवळजवळ ३९ वर जाते. मासा हे काही काळ सोसतो, समुद्रफूल आकसते. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज साधे शुद्ध पाणी घालावयाचे, खारे नव्हे. नवशिक्याला हे सांगितले नाही तर तो दर वेळी मिठाचेच पाणी ओततो आणि टाकीचे लोणचे करून टाकतो.

विजेचे काय? पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि उन्हाळ्यात तो लवकर घटतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. इन्व्हर्टरवर निदान पाणी फिरवणारा पंप घेतलाच पाहिजे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही जवळ असावा. समुद्रफुलाला दिवसाचे आठ-दहा तास जोरदार उजेड लागतो, साध्या ट्यूबलाइटने त्याचे भागत नाही. १०० वॅटचा दिवा रोज नऊ तास आणि ३० वॅटचे पंप चोवीस तास धरले तर महिन्याला ४८-४९ युनिट होतात, चिलर सोडून. हा आकडा गिऱ्हाइकाला टाकी विकण्यापूर्वी कळावा, बिल आल्यावर नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या कारागिरांच्या थेट कामाची आहे. तांबे. समुद्रफुलाला तांबे हे जहर आहे. माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध देतात, त्याने मासा बरा होतो आणि समुद्रफूल मरते. म्हणून आजारी माशाला नेहमी वेगळ्या टाकीत औषध द्यावे. टाकीला पितळी नळ, तांब्याची तार, पितळी स्क्रू लावू नयेत. लोखंडी स्टँडलाही खाऱ्या पाण्याचे थेंब लागून गंज चढतो, तेव्हा रंगाचे दोन हात जास्त द्यावेत. पंपाच्या तोंडाला फोमची टोपी किंवा प्लॅस्टिकची बारीक जाळी बसविल्याशिवाय टाकी सुपूर्द करू नये. एवढी एक जाळी असती तर भुसावळच्या घरातील निदान एक फजिती टळली असती.

काही दुकानदार म्हणतात की हे जनावर मुळातच अल्पायुषी आहे, आमचा काय दोष? हे खरे नाही. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली सर जॉन डॅलियेल या निसर्ग अभ्यासकाने किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवले होते. ते १८८७ पर्यंत जगले. १८५१ साली मालकाचा इंतकाल झाला, समुद्रफूल मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिले. लोकांनी त्याचे नाव आजीबाई ठेवले होते. त्या बरणीला ना वीज होती ना पंप. समुद्राचे ताजे पाणी आणि वेळच्या वेळी थोडे अन्न, एवढ्यावर ते जगले. अर्थात ती जात थंड किनाऱ्यावरील, भरती-ओहोटीत खडकावर ऊन-पाऊस सोसणारी, शेवाळाच्या उजेडावर न जगणारी. आपल्या दुकानांत येणारी क्लाउन माशांची समुद्रफुले याहून फार नाजूक आहेत. पण एका महिन्यात मेलेले समुद्रफूल म्हातारपणाने मेले असे म्हणण्याची सोय या उदाहरणानंतर उरत नाही.

क्लाउन मासे ज्यांत राहतात अशा समुद्रफुलांच्या दहा जाती सांगितल्या जातात. गंमत अशी की चित्रपटातल्या नेमोसारखा मासा निसर्गात ज्या जाती निवडतो, त्या नेमक्या सांभाळायला अवघड. गालिच्यासारखी पसरणारी कार्पेट जात तर टाकीतील इतर मासे गिळून टाकते. त्यातल्या त्यात सोपी म्हणजे बबल-टिप, जिच्या भुजांची टोके बुडबुड्यासारखी फुगतात. निसर्गात नेमो तिच्यात राहत नाही, टाकीत मात्र पुष्कळदा तिला स्वीकारतो. ही जात मधून दुभंगून एकाची दोन होते, त्यामुळे शौकिनांच्या टाकीत वाढलेली रोपे, आपण रोपेच म्हणू, मिळू शकतात. समुद्रातून उपटून आणलेल्या मालापेक्षा टाकीत वाढलेला माल केव्हाही टिकाऊ. तीसुद्धा टाकी सुरू होऊन सहा महिने ते वर्ष झाल्यावरच घ्यावी. टाकीत घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात आणि सगळे स्थिरस्थावर व्हायला त्याहून कितीतरी जास्त.

आता जो मुद्दा दुकानदार गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाहीत, तो सांगतो. टाकीत क्लाउन माशाला समुद्रफुलाची गरजच नसते. समुद्रात त्याला शत्रूपासून आसरा लागतो, टाकीत शत्रूच नाही. समुद्रफुलावाचून तो जगतो, जोडी जमवतो, अंडीही घालतो. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम आणि केरळमधील विळिंजम येथे क्लाउन माशांची पैदास करून दाखविली आहे. नवी मुंबईत ऐरोली येथेही कांदळवन प्रतिष्ठानाने समुद्री शोभिवंत माशांच्या पैदाशीचे काम हाती घेतलेले आहे. पैदास केलेला मासा टाकीच्या पाण्याला आणि तयार खाद्याला सरावलेला असतो. तेव्हा "नेमोचे घर" म्हणून गिऱ्हाइकाला छिद्रांचा दगड किंवा मातीचे मडके द्यावे. मासा तक्रार करीत नाही.

कायद्याचेही भान असावे. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रफुलासोबत "शोभेचा दगड" म्हणून कोणी प्रवाळ खपवीत असेल तर तो विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतील. हे संरक्षण किती कडक आहे ते पाहा. मुंबईचा किनारी रस्ता बांधताना २०२० साली हाजी अली आणि वरळी येथील खडकांवरचे प्रवाळ रीतसर परवानगी काढून दुसरीकडे हलवावे लागले. ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर समुद्रफुलेही दिसतात. ती पाहावीत, मुलांना दाखवावीत, खरवडून डब्यात घालू नयेत.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, तो व्यापारी म्हणून मला मान्य आहे: आम्ही विकले नाही तर शेजारचा विकेल. विकू द्या. शेजाऱ्याने विकलेले समुद्रफूल एकदाच विकले जाते. तुम्ही २०० लिटरची टाकी दिली आणि ती चालती राहिली तर पहिल्या दिवशी सात-आठ किलो मीठ जाते. पुढे आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे २० लिटर, म्हणजे वर्षाला चाळीस किलोच्या आसपास मीठ. शिवाय खाद्य, पाणी तपासण्याचे किट, दिवा, पंपाची दुरुस्ती आणि महिन्याला एक फेरी टाकी साफ करण्याची. ही मजुरी गावातल्या कारागिराच्या खिशात येते, मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याच्या नव्हे. मालातील ऐब सांगूनच माल विकावा हा आपल्या बाजाराचा जुना दस्तूर आहे, आणि येथे तो पाळणाऱ्याला तोटाही होत नाही.

ज्या दुकानदारांना समुद्रफूल ठेवायचेच आहे त्यांनी बिलाच्या मागे उर्दू-मराठीत चार ओळी छापून घ्याव्यात: टाकी किती जुनी असावी, पाणी किती थंड असावे, दिवा किती वॅटचा, तांब्याचे औषध वर्ज्य. आणि जो गृहस्थ टाकी व समुद्रफूल एकाच दिवशी मागतो, त्याला टाकी द्यावी आणि समुद्रफुलासाठी पुढच्या ईदनंतर या म्हणावे.